एनेबिश यांची कोंकणी–मंगोली वही

एनेबिश यांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण आपल्या तोंडातून बाहेर पडणारं वाक्य एकदा तपासून घ्यावं, ही सवय काही त्यांना लागली नाही. नाहीतर सप्टेंबरातल्या त्या रविवारी, उलानबातरच्या चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, मेव्हण्यासमोर बूझ, म्हणजे मटणाचे वाफवलेले मोदक, खाता खाता ते असं बोलते ना की, "त्यात काय एवढं? कोंकणी आणि मंगोली यांचं नातं मी शोधून काढतो."

मेव्हण्याने हातातला बूझ खाली ठेवला. नेर्गुई माणूस असा की मटणाचा घास खाली ठेवण्याइतकं महत्त्वाचं त्याला जगात फारसं काही वाटत नसे. त्यामुळे एनेबिश यांना तेव्हाच कळायला हवं होतं की आपण फसलो.

विषय होता लेकीच्या लग्नाचा. सार्नाई गोबीतल्या तांब्याच्या खाणीत घराएवढा डंपर चालवायची, आणि त्या डंपरखाली अर्धं आयुष्य उताणं घालवणारा मेकॅनिक दामोदर च्यारी तिला आवडला होता. दामू गोव्याचा. तिकडच्या खाणी बंद पडल्या तेव्हा पाना-पक्कड घेऊन तो थेट गोबीत आला आणि सहा वर्षांत मंगोलीत शिव्यासुद्धा व्यवस्थित देऊ लागला. मुलाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती त्याच्या आईबद्दल, आणि तीही तिचा काही दोष होता म्हणून नव्हे. शेवंती च्यारी यांना कोंकणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

"पोरगा चांगला आहे, दाजी," नेर्गुई म्हणाला. "नखं काळी आहेत, म्हणजे काम करतो. पण त्याची आई? उद्या सासू-सुनेचं वाजलं तर काय, हातवारे करून भांडणार? भांडायला तरी एक भाषा लागते ना?"

"शिकेल ती."

"शिकेल तेव्हा शिकेल. मी म्हणतो, दोन घरांत एक तरी गोष्ट सारखी पाहिजे. शंभर नकोत, एक. ती दाखवा, मी आपल्या हातानं खदग घेतो. नाहीतर माझी मेंढरं बरी आणि मी बरा."

आता खदग म्हणजे तो निळा रेशमी शेला. वरपक्ष मागणी घालायला येतो तेव्हा तो पुढे करतो आणि मुलीच्या बाजूच्या मोठ्यांनी तो हातात घेतला की बोलणं पक्कं. आणि भाचीच्या लग्नात मामाचा मान कुठे नसतो? त्यातून सार्नाईने बालपणीचा प्रत्येक उन्हाळा या मामाकडे गवताळ मैदानावर काढलेला. पहिला घोडा त्याने दिला, पहिल्यांदा पडल्यावर पोट धरून हसलाही तोच. सार्नाईने फोनवर स्पष्ट सांगून टाकलं होतं, "मामानं खदग घेतला नाही तर मी लग्न करणार नाही. रडेन, डंपर चालवीन, पण लग्न करणार नाही."

म्हणून एनेबिश बोलून गेले. बोलले ते बोलले, खाली पाणी आणायला गेले तेव्हा तळमजल्यावरच्या देजिदकाकूंनाही सांगून आले. या बाई इमारतीच्या रहिवासी संघाच्या अध्यक्षा. त्यांना एक गोष्ट सांगितली की ती लिफ्टच्या आधी नवव्या मजल्यावर पोचायची.

दुसऱ्या दिवशी एनेबिश यांनी हिरव्या पुठ्ठ्याची वही आणली, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'कोंकणी' आणि उजवीकडे 'मंगोली' असं लिहिलं आणि लाल पेन्सिलीला टोक काढलं. दामूने जेवणाच्या सुट्टीत फोनवर शब्द सांगायचे आणि यांनी लिहून घ्यायचे, अशी व्यवस्था ठरली. पहिल्याच दिवशी दामू म्हणाला, "घर."

"काय म्हणालास?"

"घर, बाबा. राहतो ते."

एनेबिश खुर्चीतून उडाले. मंगोलीत राहतो त्याला 'गेर' म्हणतात हे काय आता नव्याने सांगायला हवं? पहिल्याच दिवशी, पाचव्याच शब्दाला! बायकोला, त्सेरमाला, त्यांनी स्वयंपाकघरातून ओढून आणलं, वही दाखवली आणि लगेच मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कसलं आहे त्यांचं घर?"

दामूला विचारून एनेबिश यांनी माहिती पुरवली. तांबड्या चिऱ्याचं, वर कौलं, शंभर वर्षं त्याच जागेवर उभं आहे.

"शंभर वर्षं हललं नाही?"

"नाही."

"मग ते गेर कसलं, दाजी? गेर म्हणजे सकाळी उतरवलं, उंटावर लादलं, संध्याकाळी दुसरीकडे उभं केलं. शंभर वर्षं एका जागी राहतं त्याला आमच्याकडे थडगं म्हणतात. शब्द सारखा असेल, वस्तू नाही. पुढचं सांगा."

पुढचं 'संसार' निघालं. कोंकणीत संसार म्हणजे भांडीकुंडी, चूल, नवरा, पोरं. मंगोलीत सान्सार म्हणजे रॉकेट जातात ते अंतराळ. देजिदकाकूंचं मत पडलं की दोन्ही एकच, दोन्हीकडे माणूस पायाखाली जमीन नसताना तरंगत असतो. नेर्गुई मात्र म्हणाला, "तो शब्द संस्कृतातून लामांच्या पोथ्यांत आलेला आहे. उसन्या घोड्यावर शर्यत जिंकली तर बक्षीस घोड्याच्या मालकाला." झालं, एका झटक्यात एकशे बारा शब्द लाल पेन्सिलीने कापावे लागले. वारांची जुनी, संस्कृतातून आलेली नावंही त्यात गेली. एनेबिश यांनी ती रात्र उपाशी काढली असती, पण त्सेरमाने त्या दिवशी शेवयांचं सूप केलं होतं.

या काळात सार्नाईचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "बाबा, त्या वहीबद्दल मला एक सांगायचंय..."

"नंतर, बाळ. क्रियापदं चालली आहेत."

वहीतल्या शिस्तीत एनेबिश कुणाचं ऐकत नसत. मुद्रितशोधकाचा एक नियम त्यांनी तिथेही पाळला: विशेषनामाला हात लावायचा नाही. छापखान्यात कुणाचं नाव कितीही विचित्र दिसलं तरी शेजारी बारीक अक्षरात 'विशेषनाम, बदलू नये' असं लिहून पुढे जायचं. तेव्हा दामूने एकदा आपलं पूर्ण नाव 'दामोदर धोंडू च्यारी' असं सांगितलं, तर त्यातल्या तिन्ही शब्दांवर त्यांनी काट मारली. खुद्द त्यांच्या नावाचा अर्थ 'हा नव्हे' असा होता आणि नेर्गुई म्हणजे 'निनावी'. पण अशी नावं तिथे जिन्याजिन्यात सापडतात, त्यावर कोण कशाला विचार करतंय?

नोव्हेंबरात देजिदकाकूंनी सल्ला दिला. "अहो, शब्द काय गोळा करत बसलाय? बाईशीच बोला की! म्हातारी माणसं खरी भाषा बोलतात."

म्हणून व्हिडिओवर भेट ठरली. एका खिडकीत गोव्यातल्या शेवंतीबाय, दुसरीत दुभाष्या म्हणून दामू, आणि इकडे एनेबिश, त्यांच्या पाठीमागे देजिदकाकू आणि सहा शेजारी. एनेबिश यांनी ठेवणीतला देएल, म्हणजे लांब अंगरखा, घातला होता, त्याचा सोनेरी पट्टा स्क्रीनवर दिसेना म्हणून ते सबंध वेळ उभेच राहिले. कुठल्याही सभ्य माणसाने करावी तशी त्यांनी सुरुवात केली. "हिवाळा सुखाचा चाललाय ना? जनावरं धष्टपुष्ट आहेत ना?"

दामूने भाषांतर केलं. शेवंतीबाय गोंधळल्या, मग वाकून त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक मांजर धरलं. मांजर खरोखरच धष्टपुष्ट होतं. एनेबिश यांनी वहीत नोंद केली: 'पशुधन: एक.' मागून कुणीतरी हळहळलं.

मग शेवंतीबायंनी विचारलं, "आयज नुस्तें कितें मेळ्ळें?"

"आज मासा कोणता मिळाला, असं विचारतेय आई," दामू म्हणाला, आणि तेवढ्यात गोबीतला वारा वाढून त्याची खिडकी काळी झाली.

चौथ्या मजल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्या घरात त्सेरमा नांदायला आल्यापासून मासा शिजला नव्हता. मासा हा डोळे मिटत नाही, त्याला पाय नाहीत, त्याला कोण खातं? पण पाहुण्या बाईने स्वतःच्या तोंडाने मागितला होता.

"मागणीच्या वेळची त्यांची रीत असणार," देजिदकाकू गंभीरपणे म्हणाल्या. "आपण मेंढीच्या मागल्या भागाचा उकडलेला पुठ्ठा ठेवतो, ते मासा ठेवत असतील. एनेबिश, मासा पाहिजे. इमारतीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

गोव्यात सकाळी भेटलेला कुणीही दुसऱ्याला मासा विचारतो, जसं इथे जनावरांचं विचारतात, आणि त्यामागे मासा द्या असा अर्थ नसतो, हे सांगणारा दामू तेव्हा वाळूच्या वादळात एका डंपरखाली होता, आणि नंतर त्याला विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. त्यामुळे पुढचे दोन आठवडे सबंध इमारत मासा शोधत होती. शेवटी सहाव्या मजल्यावरच्या माजी टॅक्सीवाल्याच्या भाच्याने खोव्स्गोलच्या सरोवरातून एक मासा आणला. तो गोठून इतका कडक झाला होता की त्याने गाडीची मागची काच फोडली.

मागणी घालायला शेवंतीबाय गोव्याहून स्वतः यायच्या ठरल्या. दिवस पंचांग पाहून लामांनी काढून दिला, सोमवार. जागा म्हणून रहिवासी संघाचा हॉल. पण देजिदकाकू नियमाच्या पक्क्या. "वॉर्ड ऑफिसचा शिक्का आणा, एनेबिश. माझ्या सख्ख्या बहिणीला मी शिक्क्याशिवाय हॉल दिला नव्हता."

वॉर्ड ऑफिसातल्या मुलीने संगणकातून मान वर न करता विचारलं, "कार्यक्रमाचा उद्देश?"

"कोंकणी आणि मंगोली या भाषांची तौलनिक मांडणी."

"तो नाही इथे. निवडणूक, भटकी कुत्री, पाण्याचे पाइप, लसीकरण. यातलं काय?"

"अहो ताई, लग्नाची मागणी आहे. 'इतर' नाही का?"

"'इतर'ला जिल्ह्याचा शिक्का लागतो. तीन आठवडे. तुमच्या कामात सुई नाही ना? मग लसीकरण लिहू का? ते लगेच होतं."

चौतीस वर्षं ज्याने एका स्वल्पविरामासाठी लेखकांशी वैर घेतलं, त्या माणसाने मान खाली घालून लसीकरणाखाली सही केली. नियमाप्रमाणे नोटीस सगळ्या जिन्यांत लागली. त्या सोमवारी अकरा वाजता हॉलमध्ये चाळीस माणसं बाह्या सारून बसली होती. दोन पोरं आधीच रडत होती.

हॉलचं दार आपसूक मिटायचं आणि मिटलं की अडकायचं. म्हणून त्याला कायम एक कलिंगडाएवढा धोंडा टेकवलेला असे. त्या धोंड्यावरून पाय उचलून शेवंतीबाय आत आल्या. डोक्यापर्यंत लोकरीत गुंडाळलेल्या, फक्त डोळे आणि कुंकू दिसत होतं. मागून दामू, दोन्ही हातांवर खदग घेतलेला, गप्प. नेर्गुईने आल्या आल्याच बजावलं होतं, "मागणीच्या बैठकीत नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नाही, आणि मुलीनंही नाही. पूर्वीपासून असंच आहे. बोलायचं मोठ्यांनी." म्हणजे दुभाष्याही गेला! सार्नाई कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती आणि हातांनी बाहीचं बटण फिरवत होती. एवढाले डंपर वळवणारे हात ते.

खारा दूधचहा झाला. वाळवलेलं दही शेवंतीबायंनी आवडीने चावलं, एक तुकडा कमरेलाही खोचला. नेर्गुईचा चेहरा जरासा सैल झाला. मग त्सेरमाने परातीतून मासा आणला. मेंढीचा पुठ्ठा मांडतात तसा, डोकं पाहुण्याकडे करून. मीठ घालून तीन तास उकडलेला. तो पाहुण्यांकडे टक लावून बघत होता.

शेवंतीबाय दचकल्या, त्यांनी दोन्ही हात जोडले. "ना गो बाये! आयज सोमार न्ही?"

कुणाला काही कळलं नाही. एवढंच कळलं की इमारतीने काच फोडून मिळवलेला मासा बाईने नाकारला. मागच्या रांगेत कुजबूज वाढली. नेर्गुईच्या भुवया एकत्र आल्या.

"दाजी," तो म्हणाला, "आता काढा तुमची वही."

एनेबिश उभे राहिले. वहीत अकराशे चाळीस शब्द होते. एक भाषण होतं, पाठ केलेलं, कोंकणीतलं, आरशासमोर म्हटलेलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की त्यांना भाषणातला पहिला शब्दही आठवेना.

"नाही सापडलं," ते म्हणाले. "जे शब्द जुळले त्यांतल्या वस्तू जुळल्या नाहीत. बाकी काहीच जुळलं नाही. मी बढाई मारली होती, नेर्गुई. शिक्षा मला कर, पोरीला नको."

नेर्गुईने टोपी उचलली. पण पाहुणीला नाव-गाव न विचारता उठणं हेही बरं नव्हे, म्हणून दाराकडे तोंड करूनच त्याने विचारलं, "मुलाच्या बापाचं नाव तरी काय होतं?"

'बाप' आणि 'नाव' हे दोन शब्द दामूने आईला विमानतळावर शिकवून ठेवले होते. शेवंतीबायंना प्रश्न समजला. पण त्यांनी पदर ओठांवर धरला आणि मान हलवली. नेर्गुईने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. "बापाचं नाव सांगत नाहीत? काय भानगड आहे?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा शेवंतीबाय उठल्या, चालत दारापाशी गेल्या, वाकल्या, तो धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि आणून माशाशेजारी टेबलावर ठेवला. मागे दार धाडकन मिटलं आणि अडकलं. चाळीस माणसं आत.

"भगवंता, डोकं फिरलं बाईचं!" देजिदकाकू म्हणाल्या.

"काही फिरलेलं नाही," त्सेरमा ताडकन उभी राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण चारचौघांत ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलत होती. "अहो, त्या नाव घेत नाहीयेत! मी तुमच्या वडिलांचं नाव कधी घेतलं का? सुरीचं पातं ज्याचं असतं तेच त्यांचं नाव, म्हणून मी आयुष्यभर त्याला 'ते कडक' म्हणत आले. ह्यांच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नसतील. बापाचं नाव धोंडा आहे!"

दामूने जोरजोरात मान डोलावली. तोंड मात्र नियमाप्रमाणे मिटलेलं.

"धोंडा?" नेर्गुई परत फिरला. "पोटच्या पोराचं नाव कुणी धोंडा ठेवतं?"

आणि कोपऱ्यातून सार्नाई शेवंतीबायंशी बोलली. कोंकणीत. झरझर, न अडखळता. शेवंतीबायंनी उत्तर दिलं, ती पुन्हा बोलली, दोघींचं मिनिटभर चाललं. एनेबिश यांच्या हातातून वही पडली.

"तुला येते?"

"दोन वर्षं झाली, बाबा. रोज जेवणाच्या सुट्टीत मी आईंशी बोलते. वीस वेळा सांगायला गेले, तुमची क्रियापदं चालली होती." मग ती मामाकडे वळली, नियम मोडला म्हणून लाल झालेली. "मामा, आई म्हणतात, आज सोमवार, सोमवारी त्या मासा खात नाहीत, राग नसावा. आणि बाबांच्या आधी, म्हणजे दामूच्या बाबांच्या आधी, त्यांच्या आईची तीन मुलं गेली. चौथा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, इथे मूल नाही, नुसता धोंडा पडलाय. आणि त्यानं परत जावं."

रडणारी पोरंही थांबली. निनावी नेर्गुईने 'हा नव्हे' एनेबिशकडे पाहिलं. दोघांच्याही आयांनी आधीची लेकरं मातीत ठेवली होती, आणि पुढच्याला वाचवायला हाच डाव केला होता. हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं आणि दोघांनी ते एकमेकांजवळ कधी काढलं नव्हतं.

"परत गेलं?" नेर्गुईने विचारलं.

"गेलं. एकाहत्तर वर्षं जगले."

नेर्गुई आधी गालातल्या गालात हसला, मग खदाखदा, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तिकडचं मरणसुद्धा आपल्याकडच्याइतकंच बावळट आहे म्हणायचं! नुसती पाटी वाचतं आणि परत जातं! आण रे तो खदग."

त्याने दोन्ही हातांनी खदग घेतला. चाळीस माणसांनी उघड्या दंडांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने दुधाच्या वाटीत बोट बुडवलं, आभाळाला शिंपडलं, आणि उरलेले थेंब त्या धोंड्यावर. "या धोंडूराव," तो म्हणाला, "तुमच्या पोराची मागणी आहे. बसा वर." आणि धोंडा उचलून त्याने आपल्या शेजारी, मानाच्या जागेवर ठेवला. शेवंतीबायंना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच दुसरा दहीखडा मागितला.

दार उघडायला माणूस यायला चार तास लागले. तोवर बूझ संपले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा ऐराग संपला, आणि लस कधी टोचणार हे विचारायचं सगळे विसरले. मासा दुसऱ्या दिवशी शेवंतीबायंनी सोबत आणलेल्या नारळात पुन्हा शिजवला. नेर्गुईने डोळे मिटून पहिला घास खाल्ला आणि पुढचे उघडे ठेवून.

वहीचं काय झालं म्हणाल तर त्या रात्री एनेबिश यांनी काट मारलेला 'धोंडू' शोधून काढला, काट खोडली, आणि त्याच्यासमोर मंगोलीच्या रकान्यात आपलं स्वतःचं नाव लिहिलं. वहीत टिकलेली तेवढी एकच जोडी आहे.

गेल्या महिन्यात त्यांना रहिवासी संघाचं पत्र आलं. देजिदकाकूंची सही, शिक्कासुद्धा. हॉलचं दार उघडं राहत नसल्याने 'संघाच्या मालकीचा धोंडा' त्वरित परत करावा. पण तो लग्नानंतर नेर्गुईसोबत मैदानावर गेला. गेर हलतं तेव्हा तोही उंटावरून हलतो आणि दर मुक्कामाला मानाच्या जागेवर बसतो. एनेबिश यांनी लाल पेन्सिल काढली, पत्रातल्या 'धोंडा' या शब्दाभोवती गोल केला, समासात बारीक अक्षरात 'विशेषनाम, बदलू नये' असं लिहिलं आणि पत्र परत देजिदकाकूंच्या दाराखालून सरकवलं.